गुलदार : बंदराविना किनारा गाठणारे जहाज

१. बंदर नसेल तर रणगाडा उतरतो कुठे?

जहाज म्हटले की धक्का आला, क्रेन आली, खोल पाण्याचे बंदर आले. मग युद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवतात ते कसे? बंदर तर शत्रूच्याच ताब्यात असते. तिथे तोफा रोखलेल्या असतात, पाण्यात सुरुंग पेरलेले असतात, आणि माघार घेताना शत्रू धक्के उडवून देतो. म्हणून सैन्य उतरते ते उघड्या वाळूवर. माणूस होडीतून उडी मारून चालत जाईल. पण चाळीस टनांचा रणगाडा, तोफा, दारूगोळ्याने भरलेले ट्रक यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून विसाव्या शतकात जहाजांची एक वेगळीच जात तयार झाली. एरवी जहाज वाळूत रुतणे म्हणजे अपघात. ही जहाजे मात्र मुद्दाम वाळूत चढवली जातात. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, किनाऱ्याच्या वाळूवर टेकते, तिथली दारे उघडतात, आतून उतरता रॅम्प पुढे येतो आणि गाड्या आपल्या चाकांवर बाहेर पडतात. भारतीय नौदलात ‘गुलदार’ नावाची अशी दोन जहाजे होऊन गेली. पहिल्याने १९७१ चे युद्ध पाहिले. दुसरे २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि आता त्याचे नाव सिंधुदुर्गातील निवतीच्या समुद्राशी जोडले गेले आहे. या दोन जहाजांच्या नोकरीचा हिशेब मांडला की या जातीच्या जहाजाचे बळ कुठे आहे आणि त्याची नाडी कशात आहे, हे नेमके कळते.

२. एक कोळशाचे जहाज आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे

पहिल्या महायुद्धात, २५ एप्रिल १९१५ रोजी, तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर ब्रिटिश फौज उतरली. ‘रिव्हर क्लाइड’ नावाच्या एका जुन्या कोळसावाहू जहाजाच्या दोन्ही बाजूंना मोठी भोके पाडली होती आणि सुमारे दोन हजार सैनिक आत भरले होते. जहाज किनाऱ्याजवळ रुतवायचे आणि त्या भोकांतून सैनिकांनी बाहेर पडायचे, असा बेत होता. जहाज रुतले खरे, पण वाळूपासून दूर. मधले पाणी ओलांडायला सपाट होड्यांचा पूल करावा लागला. त्या पुलावर येणारा प्रत्येक सैनिक समोरच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडत होता. साध्या जहाजाला भोके पाडून हे काम होत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात १९४० साली डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतले तेव्हा माणसे वाचली, पण रणगाडे आणि तोफा किनाऱ्यावरच टाकून द्याव्या लागल्या. पुन्हा युरोपात उतरायचे तर रणगाडे थेट वाळूवर सोडणारे जहाज हवे, हे तेव्हा पक्के झाले. ब्रिटिशांनी आधी व्हेनेझुएलाच्या उथळ मराकाइबो सरोवरासाठी बांधलेली तेलवाहू जहाजे बदलून पाहिली. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे जहाज-अभियंते जॉन नीडरमायर यांनी एक कच्चा आराखडा काढला आणि त्यातून सुमारे १०० मीटर लांबीचे ‘लँडिंग शिप टँक’, संक्षेपाने एलएसटी, जन्माला आले. युद्ध संपेपर्यंत अमेरिकेने अशी हजारावर जहाजे बांधली.

नीडरमायर यांच्यापुढची अडचण अशी होती. महासागर ओलांडणारे जहाज पाण्यात खोल बसलेले असावे लागते. नाहीतर लाटांवर ते हेलकावत राहते आणि वाऱ्याने भरकटते. किनाऱ्याला लागणारे जहाज मात्र उथळ बसणारे हवे. एकाच जहाजाने दोन्ही कसे करायचे? त्यांनी जहाजाच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवल्या. मोकळ्या समुद्रात त्या टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरायचे, म्हणजे जहाज खाली बसते. किनारा जवळ आला की पंपाने ते पाणी उपसून टाकायचे, म्हणजे जहाज वर येते. पुढे बांधल्या गेलेल्या या जातीच्या जहाजांनी हीच युक्ती कमीअधिक फरकाने वापरली.

तरीही तडजोड उरतेच. तळ जवळजवळ सपाट असल्याने अशी जहाजे खवळलेल्या समुद्रात वाईट हलतात. पुढच्या बाजूला दारे असल्याने नाळ लाट कापणारी निमुळती ठेवता येत नाही, त्यामुळे वेग कमी पडतो. वाळूवर चालण्यासाठी जे जे केले, त्याची किंमत पाण्यावर मोजावी लागली.

३. सगळा खेळ उताराचा

जहाज पाण्यात जितके खोल बसते त्या खोलीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. वाळूवर चढणाऱ्या जहाजाचा ड्राफ्ट सगळीकडे सारखा नसतो. नाळेकडे तो कमी आणि पिछाडीकडे जास्त ठेवतात, कारण किनाऱ्याची जमीनही तशीच उतरती असते. शिवाय पिछाडीला पंखे आणि सुकाणू असतात. ते वाळूत घुसले तर जहाज पांगळे होते.

बारामती-इंदापूरच्या मुलुखाला समुद्र नाही. पण उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर ज्यांनी होडी लावली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. जिथे काठ खडा आहे तिथे होडी थेट काठाला लागते. उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळपेरीची सपाट जमीन उघडी पडली की तीच होडी कितीतरी अलीकडे टेकते आणि उतारूंना गुडघाभर चिखलातून चालावे लागते. होडी तीच, पाणी तेच. बदलतो तो उतार.

आता हेच जहाजासाठी आकड्यांत पाहू. दुसऱ्या ‘गुलदार’चा ड्राफ्ट नाळेकडे सुमारे १.३ मीटर आणि पिछाडीकडे सुमारे २.६ मीटर होता. लांबी जवळजवळ ८४ मीटर. हिशेबाच्या सोयीसाठी ती ८० मीटर धरू.

पहिला किनारा घेऊ ५० मीटरला १ मीटर उतरणारा. नाळ १.३ मीटर पाण्यात टेकली. तिथून ८० मीटर मागे पाण्याची खोली आणखी १.६ मीटरने वाढते, म्हणजे २.९ मीटर होते. पिछाडीला २.६ मीटर पुरतात. पंखे वाळूपासून मोकळे राहतात, आणि रॅम्पवरून उतरणाऱ्या सैनिकाला छातीपर्यंत पाणी लागते. पाण्यातून चालण्याची तयारी केलेला रणगाडा त्यातून बाहेर पडतो.

दुसरा किनारा घेऊ सपाट, २०० मीटरला १ मीटर उतरणारा. इथे ८० मीटरमध्ये खोली फक्त ०.४ मीटरने बदलते. त्यामुळे आधी टेकते ती पिछाडी, २.६ मीटर पाण्यात. त्या क्षणी नाळेखाली २.२ मीटर पाणी असते. साडेपाच फुटी सैनिकाच्या डोक्यावरून दीड-दोन फूट पाणी, अंगावर बंदूक, काडतुसे आणि ओझे, आणि कोरडी वाळू अजून ४४० मीटर लांब. जहाज उत्तम, खलाशी कसलेले, तरी उतरणे अशक्य.

तिसरी अडचण भरती-ओहोटीची. पाणी एक मीटर खाली गेले की पहिल्या किनाऱ्यावर पाण्याची कड ५० मीटर मागे सरकते, दुसऱ्यावर २०० मीटर. उतरत्या पाण्यात वाळूवर चढलेले जहाज काही तासांत कोरडे पडते आणि पुढच्या भरतीपर्यंत शत्रूच्या तोफांचे आयते निशाण होते. म्हणून शक्यतो चढत्या पाण्यावर किनारा गाठतात.

चौथी अडचण डोळ्यांना दिसत नाही. अनेक किनाऱ्यांवर लाटांनी वाळूचे आडवे बांध तयार केलेले असतात आणि त्यांच्या पलीकडे खोलगट चर असतो. नाळ त्या बांधावर टेकली की जहाजाला वाटते किनारा आला. प्रत्यक्षात पुढे पुरुषभर पाणी असते.

वाळूवरून परत निघण्याची तजवीज मात्र आधीच करावी लागते. किनारा काही अंतरावर असतानाच जहाज पिछाडीचा नांगर टाकते आणि त्याचा दोर सोडत पुढे जाते. माल उतरला की ओझे कमी होऊन जहाज थोडे वर येते. मग यंत्राने तो दोर गुंडाळत, इंजिने उलटी चालवत, जहाज स्वतःला मागे खेचून घेते.

४. शेवटची काही मिनिटे

सैन्य उतरवण्यापूर्वी दूरवरच्या मोठ्या युद्धनौका किनाऱ्यावर तोफांचा भडिमार करतात. पण स्वतःचे सैनिक वाळूजवळ पोहोचले की तो थांबवावा लागतो, नाहीतर आपलेच लोक मरतात. भडिमार थांबणे आणि पहिला सैनिक वाळूवर पोहोचणे यांत काही मिनिटांचे अंतर राहते. तेवढ्या वेळात खंदकातला शत्रू डोके वर काढतो आणि मशीनगन सुरू करतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातील तारावा बेटावर अमेरिकी मरीन सैनिकांना याचा भयंकर अनुभव आला. तिथे होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या, सैनिकांना शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले आणि तोवर किनाऱ्यावरचा मारा पुन्हा सुरू झाला होता.

ही पोकळी भरण्यासाठी किनाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन मारा करणारी लहान जहाजे लागली. ब्रिटिशांनी रणगाडे वाहणाऱ्या होड्यांवर रॉकेटच्या नळ्यांच्या रांगा बसवल्या. अमेरिकेने १९४४-४५ मध्ये ४८ मीटर लांबीची १३० आधार-जहाजे बांधली. त्यांच्यावर ४० आणि २० मिलिमीटरच्या तोफा होत्या, शिवाय रॉकेट सोडण्याची सोय होती. ओकिनावाच्या लढाईत त्यांच्यावर आणखी एक काम आले. ताफ्यापासून दूर पहाऱ्यावर उभे राहायचे आणि आत्मघाती जपानी विमाने येताना दिसली की इशारा द्यायचा. बुडणाऱ्या मोठ्या जहाजांवरचे खलाशी उचलण्याचे कामही त्यांनीच केले. त्या १३० जहाजांपैकी एक पुढे थायलंडच्या नौदलात दीर्घकाळ राहिले. २००७ मध्ये ते अमेरिकेला परत मिळाले आणि कॅलिफोर्नियात संग्रहालय म्हणून जपले गेले.

भारतीय खलाशीही या प्रकारच्या युद्धात होते. रॉयल इंडियन नेव्हीची स्वतंत्र लँडिंग क्राफ्ट शाखा होती आणि तिचा तळ ‘हमला’ या नावाने ओळखला जाई. मुंबईत मालाडजवळ मार्वेला आजही ‘आयएनएस हमला’ हा नौदलाचा तळ आहे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर म्येबोन आणि कांगाव इथे सैन्य उतरवले गेले, तेव्हा ‘नर्मदा’ आणि ‘जमना’ या भारतीय युद्धनौकांनी तोफांचा आधार दिला. म्येबोनला अडथळा आला तो शत्रूइतकाच चिखलाचा. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात सैनिक कमरेपर्यंत रुतत होते.

५. ‘मगर’पासून ‘गुलदार’पर्यंत

स्वतंत्र भारताच्या नौदलाला या जातीचे पहिले मोठे जहाज १९४९ मध्ये ब्रिटनकडून मिळाले. युद्धाच्या अखेरीस बांधलेल्या त्या एलएसटीचे ब्रिटिश नाव ‘अॅव्हेंजर’ होते; भारतात ते ‘मगर’ झाले. त्यानंतर बरीच वर्षे नौदलाकडे या कामाची साधने मोजकीच होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरले ते युद्धनौकांच्या छोट्या होड्यांतून. पोर्तुगीजांच्या गोळीबारात सात नौसैनिकांना वीरमरण आले. उघड्या होडीतून शत्रूसमोर उतरणे किती जिवावरचे असते, ते आपल्याच किनाऱ्यावर दिसले.

१९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी नौदल सामग्रीचा करार झाला आणि १९६६ मध्ये ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही दोन मध्यम आकाराची जहाजे ताफ्यात आली. ती बांधली होती पोलंडमध्ये. ग्दान्स्क शहरातील ज्या गोदीत या प्रकारची जहाजे तयार होऊ लागली, तिच्या नावावरून पाश्चात्त्य देश त्यांना ‘पोल्नोच्नी’ वर्ग म्हणत. सुमारे ७३ मीटर लांबीची ही जहाजे एलएसटीपेक्षा बरीच लहान होती. थोडे रणगाडे आणि एखादी पायदळाची तुकडी जवळच्या किनाऱ्यावर चटकन उतरवायची, हे त्यांचे काम.

या वर्गाचे वैशिष्ट्य असे की सैन्य वाहणारे जहाज आणि आधार देणारे जहाज या दोन गोष्टी इथे एकत्र आणल्या होत्या. डेकवर १४० मिलिमीटर रॉकेटचे दोन संच असत आणि प्रत्येकात १८ नळ्या. म्हणजे दोन्ही संच एका दमात ३६ रॉकेटे किनाऱ्यावर टाकू शकत. एकेका रॉकेटचा नेम तोफेइतका अचूक नसतो. पण इथे एखादे ठिकाण टिपायचे नसते. सैन्य उतरत असताना वाळूच्या एका पट्ट्यातल्या शत्रूला काही क्षण डोके खाली ठेवायला लावायचे असते. तारावाने दाखवलेली पोकळी भरण्याचा हा पोलिश-सोव्हिएत मार्ग होता.

६. कॉक्स बाजार, डिसेंबर १९७१

१९७१ च्या युद्धात ‘मगर’, ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही तिन्ही जहाजे पूर्वेकडच्या ताफ्यात होती. ४ डिसेंबरला विमानवाहू ‘विक्रांत’वरच्या सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला. पुढच्या दिवसांत बंगालच्या उपसागरातले सागरी मार्ग भारतीय नौदलाच्या हातात आले. आता पाकिस्तानी सैन्याला सुटायला एकच वाट दिसत होती : चितगावहून दक्षिणेला कॉक्स बाजार, आणि तिथून जमिनीवरून आराकानात. ती वाट बंद करण्यासाठी कॉक्स बाजारच्या दक्षिणेला समुद्रातून सैन्य उतरवायचे ठरले. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन बीव्हर’.

गुरखा रायफल्सची एक पलटण, बिहार रेजिमेंटच्या दोन कंपन्या आणि तोफखान्याची तुकडी यांना ‘विश्वविजय’ या व्यापारी जहाजातून कलकत्त्याहून नेण्यात आले. समुद्रातच ही माणसे ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’वर चढवायची आणि या दोघांनी वाळू गाठायची, असा आराखडा होता. तयारीला मिळाले होते जेमतेम काही दिवस. समुद्रातून उतरण्याचा सराव या सैनिकांना नव्हता. डोंगरात वाढलेल्या अनेक गुरख्यांचा समुद्राशी संबंधच आलेला नव्हता. एका हलत्या जहाजावरून दुसऱ्यावर ओझ्यासकट उतरणे हेच पहिले संकट ठरले.

आणि किनारा कोणता? कॉक्स बाजारची वाळू सुमारे १२० किलोमीटर सलग पसरलेली आहे. पर्यटकाला सुंदर वाटणारा हा किनारा अतिशय सपाट आहे. म्हणजे मागच्या हिशेबातला दुसरा किनारा, आणि त्यावर चौथी अडचण. जहाज टेकले ते खऱ्या किनाऱ्याच्या अलीकडे, वाळूच्या बांधावर. पुढे चर होता. पहिले काही सैनिक रॅम्पवरून उतरले ते थेट डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात. त्यात दोन गुरखा जवान बुडाले. उतरणे थांबवावे लागले आणि उरलेल्या सैन्याला स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांतून किनारा गाठावा लागला.

समोर शत्रू नव्हता. त्या भागात बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे लोक आधीच पोहोचले होते, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. त्यामुळे मोहिमेच्या फसण्याचा युद्धाच्या निकालावर परिणाम झाला नाही. समोर मशीनगन असती तर मात्र वाळूच्या बांधावर अडकलेली ही जहाजे आणि पाण्यातले सैनिक यांची गत गॅलिपोलीसारखी झाली असती.

या प्रसंगातून निघणारे धडे जहाजाच्या बांधणीविषयी नव्हते. किनाऱ्याचा उतार आधी माणूस पाठवून मोजावा लागतो; हवाई छायाचित्रात पाण्याखालचा बांध दिसेलच असे नाही. भरतीची वेळ आणि उतरण्याची वेळ जुळावी लागते. सैनिक आणि खलाशी यांनी एकत्र सराव केलेला असावा लागतो. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो, आणि युद्ध सुरू झाल्यावर नेमका तोच मिळत नाही.

७. दुसरी ‘गुलदार’ : तीन जहाजांचा हिशेब

नौदलात निवृत्त जहाजाचे नाव नव्या जहाजाला देण्याची प्रथा आहे. दुसरी ‘गुलदार’ पोलंडच्या ग्दिनिया शहरातील गोदीत तयार झाली आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या आधी १९८४ मध्ये ‘चित्ता’ आले होते, नंतर १९८६ मध्ये ‘कुंभीर’ आले. लांबी ८३.९ मीटर, रुंदी ९.७ मीटर, वजन ११२० टन. पाच-सहा रणगाडे किंवा चिलखती गाड्या आणि सुमारे १६० सैनिक वाहण्याची क्षमता. रॉकेटचे दोन संच होतेच. त्यांच्या जोडीला ३० मिलिमीटरच्या जुळ्या तोफा आणि हेलिकॉप्टर उतरवण्याची जागा होती.

सुरुवातीला ‘गुलदार’ आणि ‘कुंभीर’ विशाखापट्टणमला होती. पुढे ही जहाजे अंदमान-निकोबारला हलवली गेली. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना होती त्या काळात आणि त्यानंतर १९९० पासून पाल्कच्या सामुद्रधुनीतली शस्त्रांची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी चाललेल्या ‘ऑपरेशन ताशा’त या जहाजांनी काम केले. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला सूर्यास्ताच्या वेळी तिन्ही जहाजांवरचे ध्वज शेवटचे उतरवण्यात आले.

त्या वेळी नौदलाने तिघांची मिळून जी आकडेवारी दिली ती अशी : समुद्रात १२,३०० हून अधिक दिवस, सुमारे १७ लाख सागरी मैल प्रवास, आणि १,३०० हून अधिक वेळा वाळूवर चढणे. हे आकडे उलगडून पाहण्यासारखे आहेत.

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १७ लाख सागरी मैल म्हणजे सुमारे साडेएकतीस लाख किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे तिघांनी मिळून पृथ्वीला ७८ फेऱ्या घातल्याएवढे अंतर कापले. दिवसांचा भाग तिघांत सारखा केला तर प्रत्येकी ४,१०० दिवस, म्हणजे सव्वाअकरा वर्षे. अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत साडेतीन दिवसांमागे एक दिवस पाण्यावर. उरलेल्या काळात दुरुस्ती, सराव आणि बंदरातला मुक्काम. अंतराला दिवसांनी भागले की रोजचे १३८ सागरी मैल येतात, म्हणजे ताशी सरासरी सहा मैलांहूनही कमी. ताशी १८ सागरी मैल वेगाची क्षमता असलेल्या जहाजाची सरासरी इतकी कमी येते, कारण समुद्रातला बराच वेळ बेटाजवळ थांबण्यात, किनारा चाचपण्यात आणि माल चढवण्या-उतरवण्यात जातो.

वाळूवर चढण्याचे १,३०० प्रसंग तिघांत वाटले की प्रत्येकी सव्वाचारशेच्या वर येतात. वर्षाला सुमारे अकरा. म्हणजे जवळजवळ दर महिन्याला प्रत्येक जहाज एकदा वाळूला लागत होते. कॉक्स बाजारला काही दिवसांच्या तयारीवर जे करावे लागले, ते इथे नेहमीच्या सरावाचे काम झाले होते.

८. धक्के वाहून गेल्यावर

अंदमान-निकोबारची बेटे उत्तर-दक्षिण सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली आहेत. अनेक बेटांवर मोठे बंदर नाही. म्हणून तिथे वाळू गाठणारे जहाज शांततेतही उपयोगी पडते : धान्य, सिमेंट, डिझेल, गाड्या, यंत्रे थेट किनाऱ्यावर नेता येतात.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने ही गरज लख्ख दाखवली. भूकंपाने निकोबारची जमीनच खाली बसली. भारताच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, ती चार मीटरांहून अधिक खचली. लाटांनी धक्के मोडले, रस्ते वाहून नेले, कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त केला. साध्या मालवाहू जहाजाला अशा बेटाजवळ नांगर टाकून उभे राहण्यापलीकडे काही करता येत नाही. वाळूवर चढणाऱ्या जहाजाला धक्का लागतच नाही. शत्रूने बंदर नाकारले तर काय करायचे यासाठी घडवलेले साधन, निसर्गाने बंदर हिरावल्यावर तितकेच कामाला आले. मात्र इथेही जुना नियम सुटला नव्हता : जमीन खचल्याने किनाऱ्यांची ठेवण बदलली होती, त्यामुळे नकाशावरची खोली गृहीत धरून चालणार नव्हते.

आता हे काम कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या लहान नौका करतात. ‘एल-५१’ ते ‘एल-५८’ अशा आठ नौका २०१७ ते २०२१ या काळात दाखल झाल्या. सुमारे ६३ मीटर लांबीच्या या नौका ‘गुलदार’पेक्षा लहान आहेत, पण अर्जुनसारखा जड रणगाडा त्या वाहू शकतात.

९. निवतीच्या समुद्रात

निवृत्त जहाज बहुधा भंगारात जाते. ‘गुलदार’ला वेगळी वाट मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले. वेंगुर्ले तालुक्यातील निवती रॉक परिसरात ते समुद्रतळाशी बसवायचे आणि तिथे पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करायची, अशी योजना आहे. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

जहाज बुडवल्याने मासे कसे वाढतात? वाळूच्या तळावर शेवाळ, कालवे, शिंपले, प्रवाळ यांना धरून बसायला घट्ट पृष्ठभाग नसतो. पोलादी सांगाडा तो देतो. आधी जिवाणू आणि शेवाळाचा थर बसतो, मग कालवे आणि इतर चिकटून राहणारे जीव येतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात, कारण त्यांना खायला मिळते आणि लपायला जागा मिळते. त्यांच्या मागावर तांबोशी, हेकरू असे मोठे मासे येतात.

त्याआधी दोन कामे काळजीने करावी लागतात. पहिले स्वच्छतेचे. इंजिनातले तेल, वंगण, विषारी रंग, विजेच्या तारांची वेष्टने, सुटे प्लास्टिक हे सगळे काढावे लागते. नाहीतर भित्तीऐवजी प्रदूषणाचा साठा तयार होतो. दुसरे काम सरळ बुडवण्याचे. अमेरिकी नौदलाचे ‘स्पीगेल ग्रोव्ह’ हेही सैन्य उतरवणारेच जहाज. ते २००२ मध्ये फ्लोरिडाजवळ याच हेतूने बुडवताना वेळेआधी बुडाले आणि उलटे झाले. नंतर ते आडवे पडून राहिले, आणि २००५ मधल्या एका चक्रीवादळाने त्याला सरळ उभे केले. ते टाळायचे तर कोणत्या कप्प्यात कधी पाणी शिरेल याचा क्रम आधी ठरवावा लागतो. पाणी पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सारखे भरत गेले तरच जहाज तळावर उभे बसते.

पाण्याखाली दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो; २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, आणि उजेडही झपाट्याने कमी होतो. हौशी पाणबुड्यांसाठी जहाजाचा माथा उथळ पाण्यात आणि तळ त्यांच्या आवाक्यात असावा लागतो. पण माथा इतकाही वर नको की मच्छीमारांच्या ट्रॉलरला किंवा ये-जा करणाऱ्या जहाजांना तो लागेल.

या कामाला ‘गुलदार’ची बांधणी सोयीची आहे. जुन्या युद्धनौकेच्या पोटात अरुंद बोळ आणि बंद खोल्या असतात, जिथे पाणबुड्या वाट चुकू शकतो. सैन्य उतरवणाऱ्या जहाजाच्या पोटात मात्र रणगाड्यांसाठी ठेवलेले एक लांब, सलग दालन असते आणि त्याच्या टोकाला रुंद दारे. दारे उघडी ठेवून बसवलेल्या अशा दालनात बाहेरचा उजेड पोहोचतो, पाणी खेळते राहते आणि आत शिरलेल्या माणसाला बाहेरची वाट समोर दिसत राहते.